अंगण वाकडं होतं का? टिलबर्गच्या पॅनेलमधला संगणक, टॅब्लेट आणि फोन

सर्व्हेच्या कामाला लागले तेव्हा पहिला धडा तोंडी मिळाला. "मोबाईलवरून आलेले फॉर्म आधी वेगळे काढ," आमचे तेव्हाचे साहेब म्हणाले, "त्यात कचरा जास्त." एक्सेलमध्ये एक रकाना असायचा, फॉर्म कशावरून भरला ते सांगणारा. त्यावर फिल्टर लावायचा, मोबाईलच्या ओळी निवडायच्या आणि दुसऱ्या शीटवर टाकून द्यायच्या. त्या ओळींमध्ये रिकाम्या चौकटी खरंच जास्त दिसायच्या. "आणखी काही सांगायचंय का?" या प्रश्नाखाली संगणकवाले तीन-तीन वाक्यं लिहायचे, मोबाईलवाले "नाही" म्हणायचे किंवा नुसतं टिंब द्यायचे. त्यामुळे साहेबांचं म्हणणं मला कित्येक वर्षं पटत राहिलं.

नाचता येईना, अंगण वाकडं. ही म्हण आपण नाचणाऱ्याला टोमणा मारायला वापरतो, पण दोरी लावून अंगण कुणी मोजत बसत नाही. नेदरलँड्समध्ये काही जणांनी ते मोजलं. फोनवर भरलेला फॉर्म खराब असतो तो फोनमुळे, की फोन हातात घेऊन फॉर्म भरणारी माणसंच वेगळी असतात म्हणून? हा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी होता. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या टाकून दिलेल्या ओळी आठवल्या.

टिलबर्ग हे नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं एकेकाळचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. आता तिथे विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाच्या आवारात सेंटरडेटा नावाची संशोधन संस्था आहे. या संस्थेने २००७ साली 'लिस' नावाचं पॅनेल उभं केलं. पॅनेल म्हणजे दर महिन्याला तीच माणसं ऑनलाइन प्रश्नावली भरतात: तब्येत, पगार, घर, राजकारण, देवधर्म, मुलाबाळांशी संबंध. सुरुवातीला साधारण ५,००० कुटुंबं आणि त्यांतली ८,००० माणसं होती.

या पॅनेलमध्ये कुणालाही आपणहून नाव घालता येत नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. नेदरलँड्सच्या सांख्यिकी खात्याने लोकसंख्येच्या नोंदवहीतून चिठ्ठी टाकल्यासारखे पत्ते काढले आणि त्या पत्त्यांवर पत्रं गेली. पत्राच्या पाकिटात १० युरोची नोट होती. अगोदर प्रयोग करून त्यांनी बघितलं होतं की, "सामील झालात तर इतके देऊ" या वचनापेक्षा आधीच हातात पडलेली नोट जास्त काम करते. मोठ्या रकमेचं वचनसुद्धा तिच्यापुढे फिकं पडलं. पत्रानंतर फोन किंवा प्रत्यक्ष घरभेट. एवढं करून बोलावलेल्या घरांपैकी निम्म्याच्या जरा आतबाहेर घरं पॅनेलमध्ये आली. आपल्याकडे ऑनलाइन सर्वेक्षणाचं वर्णन ऐकताना "लिंक गेली, दोन दिवसांत हजार उत्तरं आली" असं अभिमानाने सांगितलं जातं. ते हजार कुणाचे, कुणाच्या ग्रुपमधले, याची चौकशी होत नाही.

आता ज्या घरात संगणकच नाही त्याचं काय? चिठ्ठीत त्याचं नाव निघालंय, त्याला वगळून कसं चालेल? लिसने अशा घरांना एक छोटा संगणक आणि इंटरनेटची जोडणी दिली. त्या यंत्राचं नाव सिमपीसी. म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं ते साधं यंत्र होतं, मोठ्या बटणांचं, पडद्यावर मोजक्याच गोष्टी असलेलं. यंत्र आणून द्या, जोडून द्या, अडलं तर मदतीला माणूस पाठवा, असा हा महागाचा कारभार. पुढे हिशेब मांडला तेव्हा इंटरनेट नसलेली घरं कोणती ते दिसलं: वयस्कर लोकांची, एकट्या राहणाऱ्यांची, पाश्चात्त्य नसलेल्या देशांतून आलेल्यांची. ती घरं धरल्यामुळे पॅनेल देशासारखं दिसायला लागलं. ती वगळली असती तर कागदोपत्री सगळं झकपक राहिलं असतं आणि टिलबर्गमधली एखादी एकटी आजी आकड्यांतून गायब झाली असती.

म्हणजे कुठलं यंत्र हाताशी आहे यावर कोण बोलणार हे ठरतं, एवढं लिसला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तेव्हा यंत्र म्हणजे टेबलावरचा संगणक किंवा फार तर लॅपटॉप, आणि प्रश्नावल्याही मुख्यतः त्याच्याच पडद्याला धरून बांधलेल्या.

मग २०१० साली आयपॅड आला. दोन-तीन वर्षांत टॅब्लेट घराघरांतल्या सोफ्यावर जाऊन बसला, फोनच्या काचा मोठ्या झाल्या. पॅनेलची माणसं महिन्याची प्रश्नावली हातात जे असेल त्याच्यावर उघडायला लागली. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं आणि प्रश्नावली बांधणाऱ्यांनी त्याची तयारीही केली नव्हती. धंद्यात अशा लोकांना काहीशा तक्रारीच्या सुरात 'अनपेक्षित मोबाईलवाले' म्हणतात, जसं काही ते न बोलावता जेवायला आले.

ते मोबाईलवर आहेत हे कळतं कसं, हेही सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. तुम्ही कुठलंही पान उघडलंत की तुमचा ब्राउझर समोरच्या सर्व्हरला एका ओळीत आपली ओळख करून देतो: मी अमुक ब्राउझर, तमुक आवृत्ती, या यंत्रावर चालतोय. सर्वेक्षण करणारे ती ओळ उत्तरांसोबत साठवतात. तुम्हाला काही विचारावं लागत नाही. माझ्या एक्सेलमधला तो रकाना या ओळीतूनच यायचा.

युट्रेक्ट विद्यापीठातले पीटर लुग्टिग आणि वेरा तूपूल यांनी लिसच्या एप्रिल ते सप्टेंबर २०१३ या सहा महिन्यांच्या प्रश्नावल्या घेतल्या. प्रत्येक माणसाने प्रत्येक महिन्यात कुठल्या यंत्रावरून उत्तरं दिली ते लावलं. बहुसंख्य माणसं संगणकावरच होती, त्याखालोखाल टॅब्लेटवाले आणि फोनवाले अगदीच थोडे. मग त्यांनी उत्तरांचा कस पाहिला. किती प्रश्न सोडले? मोकळ्या जागेत किती लिहिलं? वेळ किती लागला? यादीतले वरचेच पर्याय उचलले का? तक्त्यातल्या सगळ्या ओळींवर एकाच रेघेत खुणा करत गेले का? आणि शेवटी, फॉर्म भरायला कसा वाटला?

तक्ता आणि रेघ म्हणजे काय ते आमच्या मावशीने मला दाखवलं होतं. तिला एका खाजगी कंपनीच्या सेवेबद्दलचा फॉर्म आला होता. डावीकडे विधानं, उजवीकडे पाच गोल: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. फोन उभा धरलेला. पडद्यावर विधान आणि पहिले दोन गोल दिसत होते, बाकीचे तीन उजवीकडे काठापलीकडे. बोटाने डावीकडे सरकवलं असतं तर दिसले असते, पण ते तिला सांगणार कोण?

"अगं, यांना नाही म्हणायचं असेल तर जागाच ठेवली नाहीये," ती म्हणाली.

"मावशी, सरकव जरा. तिकडे आहे."

तिने सरकवलं. गोल दिसले, पण आता विधान काठापलीकडे गेलं. मग तिने एकदा इकडे, एकदा तिकडे असं दोन ओळींपर्यंत केलं, तिसऱ्या ओळीला वैतागली आणि उरलेल्या सगळ्या विधानांसमोर 'सहमत' दाबत खाली गेली. कंपनीच्या शीटवर ती ओळ 'मोबाईल, एका रेघेत खुणा' अशी दिसली असणार. कुणीतरी फिल्टर लावून ती टाकूनही दिली असेल.

त्या दिवशी मावशी फोनवर होती म्हणून असं झालं, असं मी तेव्हा म्हटलं असतं. लुग्टिग आणि तूपूल यांचा पहिला निकालही वरवर असाच दिसतो: टॅब्लेट आणि फोनवरून आलेल्या उत्तरांत चुका जास्त. इथे अहवाल मिटला असता तर आमच्या साहेबांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता.

पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. आमच्या शाळेत शाईपेनाची सक्ती होती. शाईपेनाने अक्षर सुधारतं असं बाई म्हणायच्या, आणि शाईपेनवाल्या मुलांचं अक्षर बॉलपेनवाल्यांपेक्षा बरं असायचंही. मात्र घरून शाईपेन, दौत आणि टिपकागद घेऊन येणारी मुलं कोण होती? ज्यांच्या घरी कुणीतरी अक्षराकडे लक्ष देत होतं, ती. पेनाचा गुण किती आणि मुलाचा किती हे वेगळं करायचं असेल, तर दोन मुलांची तुलना करून भागत नाही. एकाच मुलाच्या हातात एकदा हे पेन आणि एकदा ते पेन देऊन त्याची दोन्ही पानं शेजारी ठेवावी लागतात.

लिसमध्ये ही सोय आयती होती, कारण माणसं तीच आणि महिने सहा. काही जण एप्रिलमध्ये संगणकावर होते आणि मेमध्ये टॅब्लेटवर. काही जूनमध्ये फोनवर आणि जुलैमध्ये परत संगणकावर. संगणकवाले आपल्या संगणकाला घट्ट चिकटलेले होते. फोनवाले मात्र चंचल, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच यंत्रावर. तेव्हा दोन लागोपाठच्या महिन्यांत ज्यांनी यंत्र बदललं, त्यांच्या चुका यंत्राबरोबर बदलतात का ते बघायचं. फोनच दोषी असेल तर माणूस संगणकावरून फोनवर गेला की त्याची उत्तरं बिघडायला हवीत आणि परत संगणकावर आला की सुधारायला हवीत.

तसं झालं नाही. यंत्र बदललं तरी माणसाच्या चुका होत्या तेवढ्याच राहिल्या. फोनवर प्रश्न सोडणारा संगणकावरही प्रश्न सोडत होता. संगणकावर नीट भरणारा टॅब्लेटवरही नीटच भरत होता. निष्कर्ष त्यांनी सरळ शब्दांत मांडला: टॅब्लेट-फोनवर दिसणाऱ्या जादा चुका त्या यंत्राच्या नाहीत, ते यंत्र निवडणाऱ्या माणसांच्या आहेत.

माझ्यासारख्या माणसाला हे दोनदा वाचावं लागलं. कारण याचा अर्थ असा की मी ज्या ओळी टाकल्या, त्या मी 'फोनवाल्या' म्हणून टाकल्या, पण प्रत्यक्षात टाकली ती एका स्वभावाची, एका वयाची, एका दिनक्रमाची माणसं. फोनवरून उत्तर देणारे सरासरीने तरुण असतात, हे तर ठिकठिकाणी दिसलेलं आहे. प्रवासात, कामाच्या मधल्या सुट्टीत, लेकराला झोपवता झोपवता फॉर्म उघडणारा माणूस फोनवर असतो, कारण त्याला टेबलाशी बसायला वेळच नाही. त्याचा वेळ तुटपुंजा म्हणून त्याचं उत्तर तुटपुंजं. त्याला संगणकासमोर बसवलंत तरी त्याला तेवढीच घाई असणार. आणि त्याला वगळलंत तर उरतो तो सवडीने बसणारा देश.

आता या अभ्यासावर माझी शंका. यंत्र कुणी बदललं, केव्हा बदललं, हे त्या माणसांनी स्वतः ठरवलं होतं. प्रश्नावली लांबलचक दिसली म्हणून कुणी फोन ठेवून संगणकाकडे गेला असेल, तर फोनला त्याची खरी परीक्षा द्यावीच लागली नाही. शिवाय फोनवाले मुळात थोडे, त्यांतले यंत्र बदलणारे आणखी थोडे. त्या एवढ्याशा गर्दीवर किती भार टाकायचा? शाईपेनाच्या गोष्टीत पेन मुलाने निवडायचं नसतं, बाईंनी चिठ्ठी टाकून द्यायचं असतं.

तेही झालं, आणि तेही लिसमध्येच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या परंपरेतले क्रिस्टोफर अँटून, मिक कूपर आणि फ्रेडरिक कॉनरॅड यांनी स्मार्टफोन असलेल्या पॅनेल-सदस्यांचे चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाने एक प्रश्नावली आधी फोनवर भरायची आणि काही काळाने तीच संगणकावर. दुसऱ्या गटाने उलट क्रमाने. २०१७ साली निकाल छापून आला. फोनवरची माणसं आजूबाजूला लोक असताना, दुसरं काहीतरी करता करता उत्तरं देत होती, तरीही विचारपूर्वक उत्तर देण्यात आणि नाजूक गोष्टी मोकळेपणाने सांगण्यात ती संगणकाइतकीच चांगली ठरली. म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊन दोन्ही मंडळी जवळपास एकाच ठिकाणी पोचली.

मात्र अंगणात दोन खड्डे सापडले. एक सरकपट्टी, म्हणजे शून्य ते शंभरच्या रेषेवर एक छोटा ठिपका बोटाने ओढून हव्या आकड्यावर सोडायचा. लहान काचेवर तो नेमका तिथे सोडणं लोकांना जमेना. ठिपक्यापेक्षा बोट मोठं, आणि बोट उचललं की ठिपका पुढेमागे. दुसरा खड्डा तारखेचं चाक. दिवस, महिना, वर्ष अशी तीन चाकं बोटाने फिरवून तारीख लावायची. हवी त्यावर ते थांबेना, पुढे निघून जाई, परत मागे आणावं लागे.

या दोन्ही गोष्टी फॉर्म बांधणाऱ्याने हौसेने आणलेल्या असतात. साध्या तीन चौकटी दिल्या आणि आकडे टाइप करायला सांगितलं तर काय बिघडतं? काही नाही. पण बैठकीत डेमो दाखवताना फिरणारं चाक छान दिसतं. डेमो मोठ्या पडद्यावर असतो आणि चाक फिरवायला माउस असतो. मावशीच्या तक्त्याचंही तेच. पाच गोलांचा तक्ता हा कागदी प्रश्नावलीचा वारसा, आडव्या कागदावर जागा वाचवायला काढलेला. फोनवर प्रत्येक विधान वेगळं, त्याखाली पाच पर्याय एकाखाली एक, एवढं केलं की काठापलीकडे काही राहत नाही. पान लांब होतं, इतकंच. फोनवर फॉर्म भरायला वेळ जास्त लागतो हे बहुतेक सगळ्यांनी नोंदवलंय. त्याचं खापर आपण नेटवर्कवर फोडतो, पण कूपर आणि ग्रेगरी पीटरसन यांनी वेळेची फोड केली तेव्हा पान यायला लागणारा वेळ हा त्यातला छोटा हिस्सा निघाला. बराचसा वेळ पान हातात आल्यानंतर जातो, त्यात स्क्रोल करणंही आलं.

इथपर्यंत बोललो ते अंगणात आलेल्यांबद्दल. जे आलेच नाहीत त्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ऑनलाइन सर्वेक्षणावर बोलणारे तीच घाईने उरकतात. "हा फॉर्म फक्त फोनवरच भरायचा" असं सांगितलं की काय होतं? अँटून आणि सहकाऱ्यांनी लिसमधल्याच आकड्यांवरून चुकांची विभागणी केली. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, आणि ज्यांच्याकडे आहे पण जे आले नाहीत, अशा माणसांमुळे येणारी चूक ही लहान पडद्यामुळे उत्तरात येणाऱ्या चुकीपेक्षा जड भरली. म्हणजे आम्ही खोलीत बसलेल्यांच्या अक्षरावर भांडत होतो आणि अर्धा वर्ग दाराबाहेर होता.

दार उघडं ठेवायचं कसं, यावरही काही माहीत आहे. ऐगुल माव्हलेतोवा आणि कूपर यांनी मोबाईलवरच्या अनेक सर्वेक्षणांतल्या गळतीचा एकत्र आढावा घेतला. फॉर्म अर्ध्यात सोडण्याचं प्रमाण कशाने कमी होतं? फॉर्म आखूड असला, रचना साधी असली, आठवण करून दिली, आणि माणसाला यंत्र निवडायची मोकळीक असली तर. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ज्या मोकळिकीला आम्ही 'अनपेक्षित मोबाईलवाले' म्हणून नाक मुरडत होतो, तीच माणसाला शेवटच्या पानापर्यंत टिकवते.

नेदरलँड्सच्या मंडळींनी मोकळीक देतानाही सिमपीसीची सवय सोडली नाही. दिवसभरात कोण काय करतं याची नोंद फोनवरच्या अ‍ॅपवर करायची, असा एक अभ्यास तिथल्या सामाजिक नियोजनाच्या सरकारी संस्थेने लिसच्या मदतीने केला. लिसमधल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना वापरापुरता फोन देण्यात आला. आता उसना फोन हा आपला फोन नसतो. तो चार्ज करायचं लक्षात राहत नाही, त्याची टिंग ऐकायची कानाला सवय नसते. पण तो दिला म्हणून ती माणसं निदान मोजली गेली.

हे सगळं उचलून आपल्याकडे जसंच्या तसं लावता येईल असं मला वाटत नाही. तिथे फोनवाला हा बाजूचा पाहुणा होता आणि संगणकवाला घरचा. इथे संगणकवालाच पाहुणा. आपल्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि फोनवरच उघडतात. 'मोबाईलच्या ओळी काढून टाक' असं आज कुणी म्हणालं तर शीट रिकामी होईल. म्हणून टिलबर्गचा प्रश्न इथे एक पायरी खाली सरकतो: फोन की संगणक हे विचारून फारसं कळत नाही, फोन कुणाचा हे विचारावं लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका देशात ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. महाराष्ट्रात बायका ३८ टक्के, पुरुष ६१.५ टक्के. गोव्यात बायकांचा आकडा ७३.७ टक्के, देशातल्या सगळ्यात वरच्यांपैकी. ही पाहणी घरोघर माणसं पाठवून केलेली होती, म्हणून तर न वापरणाऱ्या बायका तिच्यात दिसल्या. हाच प्रश्न लिंक पाठवून विचारला असता तर इंटरनेट वापरणाऱ्या बायका शंभर टक्के निघाल्या असत्या.

२०२७च्या जनगणनेत आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय पहिल्यांदा ठेवली आहे आणि प्रगणकही फोनमधल्या अ‍ॅपवर नोंद करणार आहेत. तिथे एक गोष्ट लिसच्या बाजूची आहे: जो स्वतः भरणार नाही त्याच्या दारात माणूस येणारच आहे. खाजगी सर्वेक्षणांना ते परवडत नाही, म्हणून ती लिंकवर थांबतात आणि अहवालात 'महाराष्ट्रातील नागरिकांचे मत' असं लिहितात.

आणि तो ब्राउझरच्या ओळखीचा रकाना? टिलबर्गमध्ये त्यावर बराच विश्वास ठेवता येतो, कारण माणूस निवडलेला, नोंदलेला, त्याचं खातं त्याचं स्वतःचं. आपल्याकडे तो रकाना अँड्रॉइड म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण अंगठा कुणाचा होता हे त्यात येत नाही. बायको स्वयंपाकघरातून उत्तर सांगते आणि नवरा दाबतो. आजी बोलते, नातू भरतो, आणि भरताना "आजी, असं कुठे असतं का" म्हणत दुरुस्तीही करतो. नाजूक प्रश्नावर फोनवाला मोकळेपणाने बोलतो हा डच निकाल ज्याच्या खिशात स्वतःचा फोन आहे त्याच्याबद्दलचा आहे.

गेल्या वर्षी बचत गटांतल्या बायकांसाठी एक फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा मी तक्ते मोडून एकेक प्रश्न वेगळा केला, तारखेच्या जागी वय विचारलं, सरकपट्टी काढून टाकली. खाली एक प्रश्न वाढवला: हा फॉर्म कुणाच्या फोनवर भरताय? माझ्या / नवऱ्याच्या / मुलाच्या किंवा मुलीच्या / शेजारणीच्या. पाठवण्याआधी मावशीला दिला, म्हटलं आधी तू भरून बघ. तिने चष्मा लावला, फोन उभा धरला आणि न सरकवता शेवटपर्यंत गेली. शेवटच्या प्रश्नाशी थांबली.

"हे काय गं, फोन माझा आहे, पण रिचार्ज संदीप करतो. मग काय दाबू?"